पायाळू क्रियापदं

आमच्या शेजारच्या राऊत सिस्टरांना आठ भाषा येतात, आणि मराठी सोडली तर त्यांतल्या एकाही भाषेत त्यांना धड वाक्य बोलता येत नाही. त्यांना फक्त हुकूम येतात. गुजराती बाईला ‘श्वास घे, थांब, जोर कर, पाणी पी’ हे त्या असं खणखणीत गुजरातीत सांगतील की तिला वाटावं, ही आपल्याच गावची. त्याच बाईने दुसऱ्या दिवशी ‘केम छो’ विचारलं की सिस्टर मराठीत ‘बरी आहे’ म्हणून मोकळ्या.

याला कारण त्यांची नोकरी. सगळी हयात त्यांनी प्रसूतिगृहात काढली, आणि तीही नालासोपाऱ्यात, जिथे एकेका चाळीत अख्खा देश राहतो. सिस्टरांचा सिद्धांत असा की बाई एरवी कुठलीही भाषा बोलो, कळ आली की ती आपल्या आईच्या भाषेत ओरडते, आणि हुकूमही त्याच भाषेतला असला तरच आत पोचतो. म्हणून प्रत्येक भाषेतलं त्यांनी तेवढंच उचललं. केरळच्या बायकांना त्या ‘मुक्कू, मुक्कू’ म्हणून जोर लावायला सांगत, तेव्हा बाहेर बाकड्यावर बसलेले मराठी नवरे एकमेकांकडे संशयाने बघत.

त्या बाकड्यावर मीही बसलेला आहे. आमची मुलगी सिस्टरांच्याच हातची. माझी बायको मेधा वॉर्डात शिरली तेव्हा ‘या मॅडम, बसा’ असं स्वागत झालं. कळा सुरू झाल्या आणि मॅडमची एकदम ‘अगं ए’ झाली. ‘मेधा, इकडे बघ. मेधा, श्वास घे.’ मुलीचं रडू ऐकू आलं आणि सिस्टरांचा आवाज बदललेला मी दाराबाहेरून ऐकला. ‘आता पडून राहा. पाणी प्या. तुम्ही आई झालात.’

मागाहून कळलं की हा त्यांचा नियमच. साहेबाची बायको असो की वीटभट्टीवरची, कळ आली की तू आणि पोर रडलं की तुम्ही. ज्या पोरींना जन्मात कुणी अहो-जाहो केलेलं नसायचं त्यांनाही सिस्टर तुम्ही म्हणायच्या. मेधा सांगते, काही जणी बाळंतपणात नाही एवढ्या त्या ‘तुम्ही’ने रडायच्या.

मग सिस्टर बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘मुलगी आहे. बस. चहा पी. रड.’ मला रडायचं नव्हतं हो. रडण्यासारखं काय आहे, असंच मी म्हणणार होतो. पण सिस्टरांनी सांगितलं म्हणून रडलो, आणि खरं सांगतो, हलकं वाटलं. डोळे पुसले तशा म्हणाल्या, ‘आता आत जा. मुलगी बघा.’ म्हणजे नियमात नवरेही धरलेले होते.

पुढे आम्ही आचोळ्याला फ्लॅट घेतला आणि शेजारच्या दारावरची पाटी वाचून मेधा खो-खो हसली. पाटीवर लिहिलं होतं: ‘बेल दाबा. थांबा. चपला काढा. बोला.’ खाली नाव नव्हतं, पण गरजही नव्हती.

सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांचा आज्ञार्थ झाला नाही. उतू जाणाऱ्या दुधाला त्या ‘थांब’ म्हणतात आणि लिफ्टला ‘उतर’. रिक्षावाल्याशी त्यांचं पूर्ण संभाषण ‘वळ, थांब, घे’ एवढं. त्यातलं ‘घे’ म्हणजे पैसे. सोसायटीने जिन्यात ‘कृपया येथे कचरा टाकू नये’ असा बोर्ड लावला, तर सिस्टरांनी तो खोडून पेनाने खाली लिहिलं, ‘कचरा घरी ठेव.’ सेक्रेटरी भांडायला आला. त्याला त्यांनी बसवलं, पाणी पाजलं आणि समजावलं की माणूस घाईत असला की ‘नये’ वाचतच नाही, ‘कचरा टाकू’ एवढंच वाचतो आणि टाकतो. काय करू नको ते सांगण्यात वेळ घालवू नये, काय कर ते सांगावं. सेक्रेटरी पाणी पिऊन गेला आणि जिना त्या दिवसापासून स्वच्छ आहे.

प्रश्नांवर तर त्यांचा भारी राग. त्यांचा मुलगा नितीन स्पेनमध्ये एका समुद्रकाठच्या गावात हॉटेलात आचारी आहे. गुणी मुलगा. रोज फोन करतो आणि रोज विचारतो, आई जेवलीस का. सिस्टर रोज हो म्हणतात, जेवलेल्या असोत-नसोत. ‘जेवलीस का, हा प्रश्न आहे,’ त्या मला एकदा म्हणाल्या. ‘त्याला उत्तर दिलं की भागतं. जेव म्हटलं तर जेवावं लागतं.’

नितीनचे वडील फार लवकर गेले. वसईजवळ गिरीजला त्यांच्या वाडीतल्या घरी माणसं जमली, तेव्हाही म्हणे सिस्टर दारात उभ्या राहून येणाऱ्याला सांगत होत्या, ‘बसा. पाणी प्या. रडा.’ सगळे सांगितल्याप्रमाणे बसले, पाणी प्याले, रडले. सिस्टर शेवटपर्यंत दारातच उभ्या होत्या.

तर त्या नितीनने दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं की आई, मी लग्न करतोय, नाव इनेस. फोनला खरखर होती. सिस्टरांनी ऐकलं इनास. आता वसईत इनास म्हणजे पुरुषाचं नाव. गिरीजच्या वाड्यांमध्ये चार हाका मारल्या तर दोन इनास ओ देतील. सिस्टरांचा भाजीवालाच एक इनास. सिस्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, ‘बरं. स्वभावाने चांगला आहे ना?’ नितीनला काही कळेना. फोटो आला तेव्हा उलगडा झाला. फोटोतली मुलगी बघून सिस्टर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, मी मनाची सगळी तयारी केली होती, आता ती पुन्हा काढून ठेवावी लागणार.

लग्नाला इनेस इथे आली. सिस्टरांना इंग्रजी बेताचं, इनेसला मराठी शून्य. पण खा, बस, झोप, दाखव, घाल एवढ्यावर पंधरवडा उत्तम गेला. इनेसला सुकेळी फार आवडली, ती आमची वाळवलेली राजेळी केळी. सिस्टरांनी ‘खा’ म्हटलं की ती एक खायची, पुन्हा म्हटलं की दुसरं. निघताना विमानतळावर तिने सिस्टरांना मिठी मारली आणि सिस्टर हात खाली सोडून ताठ उभ्या राहिल्या. परत येताना गाडीत म्हणाल्या, सांगायला हवं होतं हात कुठे ठेवायचे ते.

यंदा बातमी आली की इनेसला दिवस गेलेत. दुसऱ्याच दिवशी माझ्या दाराची बेल वाजली. मी पोटापाण्यासाठी स्पॅनिश बोलतो. संध्याकाळी कानाला हेडफोन लावून बसायचं आणि तिकडच्या लोकांची बिघडलेल्या वॉशिंग मशीनबद्दलची बोलणी खायची, हा माझा धंदा. म्हणून सिस्टर मला मास्तर म्हणतात.

‘मास्तर, शिकवा,’ म्हणाल्या. ‘मी बाळंतपणाला जाणार. कळ आली की ती पोर इंग्रजी विसरणार आणि माझं मराठी तिला पोचणार नाही. मला हुकूम द्या.’

आता शिकवण्याचा मला दांडगा उत्साह. मी नमस्कारापासून सुरुवात केली. सिस्टरांनी हात वर करून थांबवलं. नमस्कार त्या हाताने करणार होत्या. भूतकाळ नको, भविष्यकाळ नको, मी-आम्ही नको. बोटं मोजत त्यांनी क्रियापदं सांगितली: श्वास घे, जोर लाव, थांब, बघ, ओरड, पी, जेव, आराम कर.

मी म्हटलं, रड?

‘रड नको. ते बाळाचं काम आहे आणि ते शिकून येतं.’

भाषा निघाली सिस्टरांच्याच मापाची. हवी होती ती सगळी क्रियापदं नियमित. मूळ शब्दाचा शेवटचा र काढून टाका की तू-ला द्यायचा हुकूम तयार. रेस्पिरार म्हणजे श्वास घेणं. र उडवा, रेस्पिरा, घे श्वास. बेबेर म्हणजे पिणं, म्हणून बेबे, पी. ग्रीता म्हणजे ओरड, एस्पेरा म्हणजे थांब, आणि जोर लाव म्हणजे एम्पूखा. हा खा सिस्टरांनी घशातून असा काढला की माझ्या साहेबालाही जमत नाही. बघ म्हणजे मीरा. या मीराने घोटाळा केला. समोरच्या फ्लॅटमध्ये मीराताई राहतात. दुपारच्या शांततेत सिस्टर दार उघडं ठेवून ‘मीरा! मीरा!’ असा सराव करायला लागल्या की त्या बिचाऱ्या हात पुसत बाहेर. चौथ्या वेळी मात्र त्या खुर्ची घेऊनच आल्या आणि शिकायला बसल्या.

वात्रट क्रियापदंही असतात, नियमात न बसणारी, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. अशी किती, असं त्यांनी विचारलं. तू-ला हुकूम देताना आठ, म्हटलं. सिस्टर हसल्या. अख्ख्या भाषेत आठच वात्रट असतील तर लोक फार सज्जन असले पाहिजेत, म्हणाल्या, आणि आठही परत केली. मग मी नकार काढला. बाळाचं डोकं येतं तेव्हा जोर लावू नको असं सांगावं लागतं, हे मेधाकडून कळलं होतं. आणि नकार आला की स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं रूपच बदलतं. सिस्टरांनी तोही परत केला. अशा वेळी ‘जोर लावू नको’ म्हटलं तर बाई जोर तेवढा ऐकते, कचऱ्यासारखंच. तिला थांब म्हणायचं. एस्पेरा.

खरी कुस्ती झाली मानाशी. आपल्याकडे सोपं आहे. बस म्हटलं की तू, बसा म्हटलं की तुम्ही. आ लावला की मान मिळाला. स्पॅनिशमध्ये कोमेर म्हणजे जेवणं, त्याचं कोमे म्हणजे जेव आणि कोमा म्हणजे जेवा. सिस्टर खूश. पण ज्यांच्या शेवटी आर आहे त्यांचं उलटं. रेस्पिरा म्हणजे श्वास घे आणि रेस्पिरे म्हणजे श्वास घ्या. तू-ला आ आणि तुम्ही-ला ए.

सिस्टर विचारात पडल्या. कान सांगत होता की रेस्पिरा म्हणजे घ्या. दोन दिवस त्या प्रत्येक आर-वाल्या क्रियापदाला चुकत होत्या. तिसऱ्या दिवशी बेल न वाजवताच आत आल्या.

‘सापडलं, मास्तर. कोमे-बेबे डोक्याकडून येतात, सरळ. ही आर-वाली आहेत ना, ही पायाळू आहेत. पायांकडून येतात.’ आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, ‘पायाळूला काय घाबरायचं? हात उलटा घालायचा एवढंच.’

त्यानंतर त्या एकदाही चुकल्या नाहीत. मी देस्कान्सार म्हटलं की त्या ‘आराम, पायाळू’ म्हणायच्या आणि दोन्ही रूपं टाकायच्या, देस्कान्सा, देस्कान्से. माझ्या ऑफिसातल्या नवीन पोरांना मी आता तसंच शिकवतो. पायाळू म्हणजे काय ते त्यांना आधी सांगावं लागतं, ते सोडा.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. बाळ झाल्यावर त्या इनेसला तुम्ही म्हणणार होत्या, नियमाप्रमाणे. मी सांगितलं, तिकडे घरच्या माणसाला तुम्ही म्हणत नाहीत. सुनेला म्हटलंत तर तिला वाटेल सासू अंतर ठेवतेय. सिस्टर म्हणाल्या, मी आजवर शेकडो बायांना दिलं ते माझ्या सुनेला द्यायचं नाही होय? विषय संपला.

बॅग भरली गेली. जुन्या सुती साड्यांची दुपटी, आणि गिरीजहून आणलेली सुकेळी. तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. बाळाला ते कुणी सांगितलं नसावं.

परवा रविवारी आम्ही जेवायला बसणार तोच भिंतीवर तीन थापा पडल्या. मी गेलो. सिस्टर ओट्यापाशी उभ्या होत्या, भात-आमटी झाकलेली, आणि हातातल्या फोनवर नितीन रडकुंडीला आलेला. इनेसला दवाखान्यात नेलं होतं आणि ती सारखं म्हणत होती, तुझ्या आईला फोन लाव.

सिस्टरांनी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. मला म्हणाल्या, ‘मास्तर, भिंतीकडे तोंड करून बसा. कान इकडे ठेवा.’ मी बसलो. नितीनला हुकूम मिळाला, ‘फोन तिच्या तोंडासमोर धर. हलू नको,’ आणि लगेच दुरुस्त करून, ‘स्थिर राहा.’

पुढचं सगळं मी भिंतीकडे बघत ऐकलं. तिकडची एक सिस्टर होती, तिचा आवाज जाडा आणि प्रेमळ. इनेस ओरडायला लाजत होती बहुधा, कारण सिस्टर म्हणाल्या, ‘ग्रीता, इनेस. ग्रीता,’ आणि मग ती जी ओरडली ती आमच्या जिन्यापर्यंत ऐकू गेली असेल. ‘मीरा. रेस्पिरा.’ एकही पायाळू शब्द अडला नाही. ‘एम्पूखा. एम्पूखा.’ मीही भिंतीकडे तोंड करून नकळत जोर लावत होतो. मग एका क्षणी फोनमधून आणि ओट्यापासून, दोन्हीकडून, एकाच वेळी, अगदी एका सुरात आलं, ‘एस्पेरा.’ दोघी थबकल्या. तिकडची सिस्टर मोठ्याने हसली आणि आमच्या सिस्टरांनीही घशात हसल्यासारखं काहीतरी केलं.

मी चोरून मागे पाहिलं. कबूल करतो. सिस्टर फोनसमोर जरा वाकून उभ्या होत्या, तोंडाने हुकूम चालू होते, आणि दोन्ही हात समोर हवेत धरलेले होते, ओंजळ मोठी करून, काहीतरी झेलायला. मी पुन्हा भिंतीकडे वळलो.

बाळ रडलं. मुलगी.

‘वळा,’ सिस्टर म्हणाल्या. मी वळलो. त्यांचा आवाज बदलला होता, तोच, जो मी बाकड्यावरून ऐकला होता. फोनकडे बघून त्या सावकाश म्हणाल्या, ‘देस्कान्से, इनेस. बेबा. कोमा.’ आराम करा. पाणी प्या. जेवा.

मी कपाळावर हात मारला. इनेसचा घामेजलेला चेहरा गोंधळला, मग उतरला. ही मला परक्यासारखं का बोलतेय, माझं काही चुकलं का, असं तिने स्पॅनिशमध्ये विचारलं. आता मी पुढे सरकलो आणि तिला सगळं सांगितलं. आमच्या सिस्टरांचा नियम, कळ आली की तू, पोर रडलं की तुम्ही, आणि हा मान त्यांनी आजवर परक्या बायांना दिला, आज पहिल्यांदा घरात देतायत. इनेस ऐकत राहिली. तिने बाळ छातीशी नीट घेतलं आणि स्क्रीनवर सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांचे हात अजून समोर तसेच होते, रिकामे. खाली घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

‘कोमे, वत्सला,’ इनेस म्हणाली. ‘देस्कान्सा.’

जेव. आराम कर. सिस्टरांना वत्सला म्हणून हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. त्यांना शब्द कळले, त्यांचेच होते. त्यांनी मान हलवली, जेवते म्हणून, आणि जागच्या हलल्या नाहीत. इनेसने थोडा वेळ वाट पाहिली. मग हळू आवाजात म्हणाली, ‘योरा, वत्सला. योरा.’

सिस्टर माझ्याकडे वळल्या. ‘हा शब्द आपला झाला नाही, मास्तर.’

‘नाही. योरार. आर-वालं.’

‘पायाळू. म्हणजे तू-ला म्हणतेय.’

‘तू-ला.’

‘अर्थ?’

अर्थ सांगणं माझं कामच. पण तो शब्द त्यांच्या तोंडावर उच्चारायला मला जिभेला जोर लावावा लागला.

‘रड,’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. मग हवेतले हात खाली घेतले, खुर्ची ओढली, बसल्या, आणि रडल्या. सांगितल्याप्रमाणे. बरंच होतं साठलेलं. तिकडे नात रडत होती, इकडे आजी, आणि इनेस दोघींकडे आळीपाळीने बघत ‘झालं, झालं’ अशा अर्थाचं काहीतरी गुणगुणत होती.

मी ताट घेतलं, भात वाढला, आमटी वाढली. सिस्टरांनी पदराने तोंड पुसलं तेव्हा ताट समोर ठेवलं. रडून झालं होतं, तेव्हा मी नियमाप्रमाणे आ लावला.

‘आता जेवा,’ म्हटलं. आणि त्या जेवल्या.